आयजीजी नॉर्मल आलं म्हणजे सुटलो, असं नाही

कुणी म्हणतं, पुन्हापुन्हा संसर्ग होणाऱ्या मुलाचं आयजीजी (रक्तातल्या मुख्य प्रतिपिंडांचं प्रमाण) नॉर्मल आल्यावर पुढच्या तपासण्या कशाला? बीसीजी लशीनंतर काखेतली गाठ फुटून वाहत असेल, यकृतात पुन्हापुन्हा गळू होत असेल, तर असं थांबणं धोक्याचं आहे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज या प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारात आयजीजी बऱ्याचदा वाढलेलंच असतं. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. ते डीएचआर या पांढऱ्या पेशींच्या रक्तचाचणीत कळतं.

घोळ होतो तो नमुन्यात. जळगाव-धुळ्याहून मुंबईत परळच्या एनआयआयएच या रक्त व प्रतिकारशक्तीच्या आजारांवरच्या संस्थेला पाठवताना रक्त हिरव्या टोपणाच्या हेपारिन नळीत, बर्फाशिवाय, २४ तासांच्या आत पोचवा. भुसावळच्या उन्हात थर्माकोलचा डबा हवाच. सोबत त्याच वेळी काढलेला, नात्याबाहेरच्या निरोगी माणसाचा नमुना द्या. तोही बिघडलेला निघाला तर दोष वाटेतला. आणि रुग्ण मुलगा असेल तर आईचंही रक्त पाठवा. ती वाहक (स्वतः आजारी नसून सदोष जनुक असलेली) असल्यास चांगल्या आणि सदोष अशा दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या दिसतात.