हेलिकॉप्टर क्रूचा ऊर्जाखर्च उष्णतेत कसा मोजायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लष्करी हेलिकॉप्टरच्या क्रूवर येणारा उष्णतेचा ताण आणि त्यांचा ऊर्जाखर्च यावर प्रकल्प करते आहे. एका जागी अडकले आहे.

वैमानिक बसून असतो, म्हणून त्याचं काम हलकंच धरतात. पण मागच्या केबिनमधला लोडमास्टर वाकून, गुडघ्यांवर बसून सामान ओढतो, तेही हेल्मेट आणि चिलखती जाकीट घालून. १ लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. इथे तो नुसताच निथळतो, उपयोग काय!

आता अडचण. नाडीच्या ठोक्यांवरून खर्च काढावा, तर उकाड्याने आणि उड्डाणाच्या तणावानेही ठोके वाढतात, म्हणजे आकडा फुगतो. ऑक्सिजन मोजणारा मास्क लावला तर इंटरकॉमवर बोलायचं कसं? घाम वजनातल्या घटीवरून काढेन, ते सोपं आहे.

पोटात गिळायची तापमान-कॅप्सूल कुणी वापरली आहे का? पाणी प्यायल्यावर तिचा आकडा घसरतो, मग ती उड्डाणाच्या किती तास आधी द्यावी? आणि डब्ल्यूबीजीटी (तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा मिळून काढलेला उष्णतेच्या ताणाचा निर्देशांक) धावपट्टीवर मोजून चालेल, की काचेतून ऊन येणाऱ्या कॉकपिटमध्येच मोजायला हवा?