नेत्र सहायक कामात रमत नाहीत, ते पगारामुळे की कामाच्या मांडणीमुळे?

रामबागकर: इंदूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यांत नेत्र सहायक टिकत नाहीत, ही तक्रार सगळीकडे आहे. माझं मत असं की माणूस सोडून जातो तो पगारामुळे, पण असताना मन लावून काम करत नाही ते वेगळ्याच कारणानं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ए-स्कॅन, म्हणजे ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणं, करणाऱ्याला आपल्या मापाचं पुढे काय झालं ते कळतच नाही. डोळ्याची लांबी १ मिमी चुकली तर डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर साधारण २.५ ते ३ डायोप्टरने (नंबराचं एकक) चुकतो. ऑपरेशननंतर महिन्याभरानं चष्म्याचा नंबर काढणारा दुसराच असतो. तो नंबर माप घेणाऱ्यासमोर दर आठवड्याला ठेवा, दिवसाचे पेशंट मोजणं थांबवा.

छावणीवाली: दादा, पगाराला इतकं हलकं घेऊ नका. चार वर्षांची ऑप्टोमेट्रीची पदवी घेतलेला आणि दोन वर्षांची पदविका घेतलेला, दोघं त्याच अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढणं) करतात. पुढची पायरी दोघांनाही नाही. चष्म्याच्या दुकानात निदान विक्रीवर कमिशन तरी मिळतं. आरोग्यसेवेतल्या सहायक व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टची नोंदणी आली, हुद्द्यांची शिडी नाही आली.

मल्हारगंज: थंडीतल्या शिबिरांचं कुणी बोलत नाही. पहाटे धार, झाबुआकडे गाडी निघते, रात्री परत, आणि सकाळी पुन्हा ओपीडीत हजर. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून २०-३० मिनिटं थांबायचं असतं, पण रांग वाढली की १० मिनिटांतच पेशंट आत. मग डोळ्याचा मागचा पडदा नीट दिसत नाही, पुन्हा थेंब, आणि बोलणी सहायकाला. शिबिराच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी, एवढं तरी ठरवा.

छावणीवाली: आणि तो आठवड्याचा तक्ता? चार महिन्यांत तो गुन्हेगार शोधायची यादी होईल. नंबर चुकतो त्यात लेन्स कुठे बसली, ए-कॉन्स्टंट (भिंगाच्या प्रकारानुसार हिशेबात धरायचा आकडा) कोणता धरला, हेही असतं. सगळं खापर मापवाल्यावर फुटेल.

रामबागकर: ताई, भीती खरी आहे, पण कारण वेगळं काढता येतं. सगळ्यांच्याच पेशंटचे नंबर एकाच बाजूला सरकत असतील तर आधी ए-कॉन्स्टंट तपासा. एकाचेच पेशंट सतत उणे नंबराकडे जात असतील तर प्रोब (यंत्राचं डोळ्याला टेकवायचं टोक) बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर दाबला जातोय: लांबी कमी भरते, भिंग जास्त पॉवरचं निघतं. त्याला रागावू नका, १० वाचनं पुन्हा घेऊन दाखवायला सांगा. दोन डोळ्यांत ०.३ मिमीहून जास्त फरक आला तर दुसऱ्यानं मोजावं. के-रीडिंग, म्हणजे त्या पारदर्शक पडद्याच्या गोलाईचं माप, मात्र प्रोब लावायच्या आधीच.

छावणीवाली: तक्त्यावर सर्जनचं नावही असेल, तर मान्य. पगाराचा मुद्दा मी सोडलेला नाही.