दीड टनाचा ट्रेलर ओढण्यासाठी कोणते डिझेल इंजिन घ्यावे?

प्रश्न : पुण्याहून खंबाटकी घाटमार्गे साताऱ्याला दीड टनाचा ट्रेलर नियमित न्यायचा आहे. इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपचे १.९ लिटर इंजिन पुरेल, की टोयोटा हायलक्स पिकअपचे २.८ लिटर घ्यावे?

उत्तर १ : केवळ अश्वशक्ती पाहू नये. व्ही-क्रॉसचा टॉर्क (इंजिनाचे फिरवण्याचे बळ) ३६० न्यूटन-मीटर आहे, तर हायलक्सचा मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. भरलेल्या ट्रेलरसह चढावर थांबून पुन्हा निघताना हा टॉर्क कमी आरपीएमवर (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या कमी असताना) मिळणे महत्त्वाचे असते. तो न मिळाल्यास चालक अर्धा क्लच दाबून गाडी रेटत राहतो आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास थेट केबिनमध्ये येतो. माझ्या मते ऑटोमॅटिक हायलक्सच घ्यावी, अर्थात ती खिशाला जड आहे.

उत्तर २ : सहमत आहे, तथापि चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा असतो. तेथे खालचा गिअर ठेवून इंजिनानेच वेग रोखावा, अन्यथा ब्रेक तापून निकामी होतात. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक आहेत का?

प्रश्नकर्ता : नाहीत.

उत्तर २ : मग आधी ते बसवून घ्यावेत, कारण ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी उत्पादकांनी ठरवलेली वजनमर्यादा बरीच कमी असते.