जखमी पक्षी-प्राणी सापडला तेव्हा तुम्ही काय केलंत?

गुलमोहर
आज सकाळी समोरच्या झाडावर घार लटकलेली दिसली, पंखात मांजा. संक्रांत होऊन आठ दिवस झाले, नायलॉन मांजावर 2017 पासून देशभर बंदी, तरी फांद्याफांद्यांवर तोच. अग्निशमन दलाची माणसं शिडी घेऊन आली, त्यांनी उतरवली. खोक्यात घालून मी दवाखान्यात पोचवली. परत येताना रिक्षात एकदम चौथीतलं घुबड आठवलं आणि डोळे भरून आले.

सांगलीला मागच्या अंगणात कावळ्यांनी टोचून टोचून एक गव्हाणी घुबड पाडलं होतं. बदामासारखं पांढरं तोंड. आजी म्हणाली तहानलंय गं, पाणी पाज. मी चोच उघडून चमच्याने पाणी घातलं. एक चमचा, मग दुसरा. त्याने मान झटकली, नाकातून पाणी आलं आणि घुबड माझ्या मांडीवरच गेलं. सगळे म्हणाले, कावळ्यांनी मारलं.

आज डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "पाणी पाजलं नाहीत ना?" पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. वरून ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात. तीस वर्षं मी कावळ्यांना दोष देत होते. तुमचे अनुभव लिहा, चुकलेले तर नक्की लिहा.

रानवारा
घार कशी आहे आता??

ऊसवाला_जुन्नर
आमच्याकडं ऊसतोड लागली की दर साली हेच. बिबट्याची मादी उसातच विते, वर्षभर आत कोण जात नाही ना. दोन वर्षांमागं तोडीवाल्या मावशी थांबल्या, म्हणल्या दादा मांजराची पिल्लं हायत. बघतो तर तीन बछडे, डोळे नुकते उघडलेले. पोरं मोबाईल घेऊन धावली, एकानं उचललं पण. सगळ्यांना बांधाबाहेर काढलं, वनखात्याला फोन. त्यांनी तपासून टोमॅटोच्या क्रेटमधे पाचट घालून पिल्लं संध्याकाळी परत तिथंच ठेवली, जिथं सापडली तिथंच. कॅमेरा लावला. साडेनऊला मादी आली, एक नेलं, मग दुसरं. तिसऱ्याला येईना. आम्ही घरात, कुणाला जेवण जाईना. पहाटे चारला आली. नसती आली तर ते माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात पिंजऱ्यात वाढलं असतं. आणि पिल्लं कुणी उचलून नेली की मादी तिथंच घिरट्या घालते, चवताळलेली. मग गावाला धोका.

शमी
पहाटे चारला आली हे वाचून रडले मी. ऑफिसात.

मनीमाऊ
विषय वेगळा आहे पण इथेच विचारते. एसीच्या मागे पारव्याने दोन अंडी घातलीयेत. काय करू?

सुगरण७
@मनीमाऊ अंड्यांचे अठरा दिवस, पिल्लांचा साधारण महिना. उडाली की लगेच जाळी मारून घे. विष्ठा झाडताना तोंडाला फडकं बांध, आमच्या सासूबाईंना दम्याचा फार त्रास झाला त्याने.

सागरगोटा
आम्ही दापोलीकडचे. पावसाळ्यात वारा सुटला की जाळ्यांच्या तुकड्यात अडकलेली कासवं किनाऱ्याला लागतात. लोकांचा जीव तुटतो, चौघं मिळून परत पाण्यात ढकलतात. नका हो ढकलू! असं आलेलं कासव दमलेलं असतं, धड बुडी मारता येत नाही, आणि श्वासाला तर सारखं वर यावं लागतं. जाईल कुठे ते? सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्री हाकला, वनखात्याला कळवा. आमचे मामंजी वनखात्याची गाडी येईपर्यंत रात्रभर छत्री धरून बसले होते एकाजवळ, बॅटरी विझवून, त्याच्या डोळ्यावर उजेड नको म्हणून. जाळ्याने पुढचं वल्हं काचून आत हाड दिसत होतं. डहाणूला कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, तिथे नेलं. वल्हं काढावं लागलं, पण तीन वल्ह्यांवर पोहायला लागलं असं कळलं, तेव्हा मामंजींनी शेजारी पेढे वाटले.
(थंडीत रात्री अंडी घालायला येते ती मादी वेगळी. तिला काही झालेलं नसतं, तिच्या वाटेला जाऊ नये.)

वऱ्हाडी_ठेचा
वटवाघूळ पंख्याला आपटून पडलं. मी बावा सरळ हातात घेतलं, सोडलं झाडावर. बोटाले एवढासा ओरखडा, दिसतही नव्हता. बायको नर्स आहे, तिनं काही ऐकलं नाही. पंधरा मिनटं साबण लावून नळाखाली हात, अन् मंग रेबीजची सगळी इंजेक्शनं. तेव्हा चिडलो होतो, आता तिचे उपकार मानतो. टॉवेल टाकून उचला, नाहीतर उचलूच नका.

शमी
वहिनींना नमस्कार सांगा :)

बुलबुल_आणि_मी
पडलेल्या पिल्लांबद्दल सांगायचंय, पोळ्या टाकतेय, घाईत. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही हे खोटं आहे. अंगावर पिसं नसतील तर घरट्यात परत ठेवा. पिसं असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय, मांजरापासून लांब झुडपावर ठेवा आणि लांबून बघा. मी असं चांगलं धडधाकट पिल्लू घरी आणून दूध-पोळी भरवली होती. तीन दिवस. आई बाहेर तारेवर बसून ओरडत होती आणि मला वाटायचं किती गोड आवाज आहे.

गुलमोहर
@बुलबुल_आणि_मी 🫂

मेलबर्नकर
इथे रस्त्यावर मेलेली कांगारू दिसली, की गाडी सुरक्षित जागी लावून पिशवी तपासतात. आई गेली तरी आतलं पिल्लू जिवंत असू शकतं. ते आचळाला घट्ट चिकटलेलं असतं, ओढायचं नाही, तोंड फाटतं. हेल्पलाइनवरची बाई सांगेल तसं करायचं. मी ते शर्टाच्या आत छातीशी धरून चाळीस मिनिटं नेलं. बायको गाडी चालवत होती, दोघं एक शब्द बोललो नाही. पोटाशी धुकधुक लागत होती सारखी. आमचा मुलगा झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

सुगरण७
आमच्याकडे विहिरीवरच्या जाळीत धामण अडकली होती. ओढली असती तर सालटीच निघाली असती. सर्पमित्राने नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापला, दीड तास. रक्त आलेल्या जागी दोरा खवल्यांच्या आत रुतला होता, तो चिमट्याने काढला. त्याच दिवशी ती जाळी आम्ही काढून टाकली.

रानवारा
महाराष्ट्रात वनखात्याचा नंबर 1926, आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा. आणि बरं झालं तरी घरी पाळायचं नाही, पोपटसुद्धा नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आमच्या आत्याचा मिठू बावीस वर्षं पिंजऱ्यात होता, तिचा फार जीव त्याच्यावर. पण त्याने कधी पंख पूर्ण पसरलेला मी पाहिला नाही.
घारीचं सांगा ना

गुलमोहर
आत्ताच फोन आला. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाची जी कातडी ताणलेली असते ती फाटली होती, शिवलीये. हाड शाबूत आहे. उडेल की नाही ते पंधरा दिवसांनी. रविवारी आमच्या सोसायटीची मुलं आणि मी बांबूला कोयती बांधून झाडांवरचा मांजा काढणार आहोत. सांगलीची आजी असती तर ती पण आली असती.

ऊसवाला_जुन्नर
ताई बांबू सुकलेला घ्या आन विजेच्या तारंपासून लांब ऱ्हावा.

मनीमाऊ
खोक्याला भोकं किती पाडायची?

गुलमोहर
पेन्सिल जाईल एवढी सात-आठ. पण पक्षी आत ठेवायच्या आधी पाडा.