फायबरचं काम सोमवारपासून: कुणी, काय आणि कधी बघायचं (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. सोमवारपासून ए आणि बी या दोन विंगमध्ये फायबर ओढायचं काम सुरू होतंय. पाच मजले, चाळीस फ्लॅट, कंपन्या दोन. त्याच कंत्राटदाराकडून आपल्या कॅमेऱ्यांची कॅट-सिक्स (तांब्याची नेटवर्क) केबलही करून घेतोय. कंपनीचा सुपरवायझर येणार म्हणतात, पण तो दिवसाला चार साइट फिरतो. आपल्या बाजूनं काय बघायचं ते जाणकारांनी इथं लिहा, मी वर्क ऑर्डरमध्ये घालतो.

बी-४०१: दिवसभर उभं राहायची गरज नाही. तीन वेळा मात्र माणूस हजर पाहिजे: पहिलं ड्रिल मारायच्या आधी, कंपाउंडातली चर बुजवायच्या आधी आणि डक्टचं (केबल-पाइप वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं) दार बंद करायच्या आधी. ऑर्डरमध्ये सरळ लिहा की आपल्या माणसाची सही झाल्याशिवाय यातलं काहीही झाकायचं नाही. झाकलं तर त्यांच्या खर्चानं परत उघडायचं.

ए-१०४: पण आधी परवानगी द्यायची की नाही हे आपल्या हातात आहे काय? त्यांचा माणूस म्हणत होता सरकारी नियम आहे, अडवता येत नाही.

बी-४०१: अर्धं खरं. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे राइट ऑफ वे (केबल नेण्याच्या हक्काचे) नियम २०२४ (१ जानेवारी २०२५ पासून लागू) यात खासगी जागेसाठी मालकाकडं अर्ज आणि करार हाच नेहमीचा मार्ग आहे. अटी आपण घालू शकतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा: एकाच कंपनीला मक्ता देऊन बाकीच्यांना दार बंद करायचं नाही, आणि त्यांची केबल आपल्या भिंतीवर असली तरी ती आपली होत नाही. म्हणून भांडण झालं तरी कुणी कात्री घेऊन जायचं नाही.

सी-१०२: इलेक्ट्रिकलच्या बाजूनं लिहितो. कंत्राटदाराला सगळ्यात सोपी वाट मीटर रूमच्या डक्टमधून दिसते. तिथं आपली मेन राइझर (वर जाणारी मुख्य वीज केबल) आहे. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे विजेच्या डक्टमध्ये टेलिफोन, इंटरकॉम, पाणी, गॅस यातलं काहीही टाकायचं नाही. दुसरी सोपी वाट लिफ्टची विहीर. तिथं लिफ्टच्या स्वतःच्या वायरिंगशिवाय काही चालत नाही. तिसरी प्लंबिंगची डक्ट. तिथं ओल, उंदीर, आणि प्लंबर पाइप बदलताना पहिली तुमचीच केबल तोडणार. आपल्याकडं बी विंगला जिन्याशेजारी रिकामी लो-व्होल्टेज (टेलिफोन-नेटच्या केबलींची) डक्ट आहे. ए विंगला नाही, तिथं कॉमन पॅसेजच्या भिंतीवरून कंड्युट (केबलचा पाइप) काढावं लागेल.

ए-३०२: ए विंगमध्ये जिन्याच्या कठड्याला बांधून नेली तर काय बिघडतं? सध्याच्या टीव्हीच्या केबली तशाच आहेत की ओ.

सी-१०२: त्या आहेत हेच बिघडलंय ताई. आग लागली की प्लास्टिकच्या क्लिपा आणि टाय पहिल्यांदा मऊ होतात, केबल छातीच्या उंचीवर लोंबते आणि धुरात खाली उतरणारा माणूस तिच्यात अडकतो. अग्निशमनवाल्याच्या पाठीवरच्या सिलिंडरला तर हमखास अडकते. जिन्यात आणि पॅसेजमध्ये लोखंडी सॅडल (पाइप धरणारी पट्टी) आणि स्क्रू, दर ६० सेंटिमीटरला. दोन सॅडलमध्ये प्लास्टिक टाय चालेल, पण भार लोखंडावर पाहिजे.

कंड्युटवर आयएसआय मार्क आणि आयएस ९५३७ भाग ३ छापलेलं असतं, ते वाचून घ्या. मार्क नसलेला पातळ पाइप सॅडल आवळली की चपटा होतो.

सेक्रेटरी: पाइप किती जाडीचा?

सी-१०२: पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपर्यंतच केबल भरायची. २५ एमएमच्या पाइपात आतून साधारण २१ एमएम मिळतात, त्यात ६ एमएम जाडीच्या कॅट-सिक्स चारच. पाचवी जाते, पण ओढताना आवरण सोलतं. फायबरच्या ड्रॉप केबल बारीक असतात, तरी उद्या तिसरी कंपनी येणार. म्हणून उभ्या लाईनला ५० एमएमचे दोन पाइप टाका, एक भरलेला, एक रिकामा. रिकाम्यात नायलॉनची दोरी सोडून ठेवा. आजचा थोडका खर्च आहे, नाहीतर दर वेळी नवी भोकं.

बी-४०१: भोकांवरून आठवलं. कॉलम आणि बीमला ड्रिल लावू द्यायचं नाही, कितीही म्हणू देत "एकच छोटं साहेब". सळई कापली तर ती जोडता येत नाही. भिंतीत मारताना स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडवं मारायचं नाही, लपलेली वायरिंग त्याच रेषेत असते. ड्रिलचं कनेक्शन ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवरूनच (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) द्या.

बाहेरच्या भिंतीचं भोक आतून बाहेर उतरतं मारायला सांगा. आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर जुलैत पाऊस आडवा येतो. सपाट भोकातून पाणी केबलच्या अंगावरून थेट हॉलमध्ये येतं. शिवाय भोकात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथंच गळतो. उरलेली फट सिलिकॉननं बुजवायची, सिमेंटनं नाही. सिमेंट लावलं की पुढच्या वेळी केबल बदलताना छिन्नी लागते.

ए-२०१: मजल्या-मजल्यातली भोकं बुजवायची असतात काय? बी विंगच्या डक्टमध्ये वर बघितलं तर थेट गच्चीपर्यंत दिसतंय.

सी-१०२: ताई, तुम्ही नेमकं सांगितलंत. या सगळ्या कामात मला हाच धोका सगळ्यात मोठा वाटतो. उघडी डक्ट म्हणजे धुराड्याची चिमणी. तळमजल्यावर मीटरपाशी काही पेटलं तर धूर पाचव्या मजल्यावर मिनिटांत पोचणार. कोड म्हणतो प्रत्येक मजल्याला डक्ट अशा मटेरियलनं सील करा, की त्या स्लॅबइतकीच आग ती रोखेल. म्हणजे फायर स्टॉप मॉर्टर, किंवा पुढं केबल वाढवायच्या असतील तर आगीत फुगणाऱ्या उशा, त्या काढून परत बसवता येतात.

कंत्राटदार पिवळा पीयू फोम मारून फोटो पाठवतात. दिसायला छान, पण साधा पीयू फोम स्वतःच पेटतो. डब्यावर फायर रेटिंग किती मिनिटांचं लिहिलंय ते बघूनच घ्या. आणि पाइपाच्या बाहेरची फट बुजवून भागत नाही, पाइपाच्या आतूनही धूर चढतो, म्हणून दोन्ही तोंडांना फायर पुट्टी.

बी-४०१: त्याला जोडून केबलचं आवरण. बाहेरची काळी केबल पॉलिइथिलीनची असते. उन्हापावसाला चांगली, पण आत पेटली की ज्योत पळते. इमारतीत शिरल्यावर पहिल्या बॉक्सलाच ती संपवायची आणि आत एलएसझेडएच आवरणाची केबल घ्यायची. या केबलीला धूर कमी आणि हॅलोजन नाही. केबलवर मीटरला मीटर छापलेलं असतं, वाचता येतं.

ए-१०४: बाहेरून केबल कुठून येणार? समोरच्या हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) खांबावरून?

बी-४०१: तिथंच लक्ष द्या. हेस्कॉमच्या लेखी परवानगीशिवाय खांबाला काही बांधता येत नाही. परवानगीची प्रत मागा, कन्नडमध्ये असते, शिक्का आणि खांबाचे नंबर तेवढे तपासा. नसेल तर जमिनीखालून यायचं.

सी-१०२: आणि खांबावरून आली तर त्या केबलीत पोलादी तार आहे का ते बघा. सपाट ड्रॉप केबलीत फायबरच्या शेजारी एक आधाराची तार असते. वादळात एलटीची (घरांना वीज देणारी) तार तुटून त्या तारेवर पडली तर ती तार आपल्या ग्रिलपर्यंत २३० व्होल्ट आणते. फायबरमधून वीज जात नाही हे बरोबर, पण पोलादातून जाते. म्हणून पूर्ण धातूविरहित केबल मागा, आधाराला एफआरपीची (फायबरग्लासची) काडी असलेली. हे ऑर्डरमध्ये ठळक लिहा. शिडीही फायबरग्लासचीच, अॅल्युमिनियमची शिडी गेटातून आत नको.

बी-२०३: गच्चीवरून शेजारच्या बिल्डिंगला केबल नेणार आहेत म्हणे.

सी-१०२: नेऊ देत, पण वीजरोधकाच्या (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या) तांब्याच्या पट्टीला, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला आणि सोलरच्या स्टँडला बांधायची नाही. कंत्राटदाराला गच्चीवर ती पट्टीच पहिली सापडते, आयता आधार म्हणून. एप्रिल-मेच्या वळवाला त्या पट्टीतून काय जातं हे सांगायला नको. कॅमेऱ्याची तांब्याची केबल गच्चीवर जाणार असेल तर तिला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) आणि तो इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला पाहिजे, वेगळा खिळा ठोकून नाही. दोन वेगळे अर्थ असले की वीज पडल्यावर त्यांच्यातला फरक तुमच्या डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून) वाहतो.

कठड्यापलीकडं वाकून काम करणाऱ्याला फुल बॉडी हार्नेस पाहिजे. नुसता कमरेचा पट्टा नको, पडला तर पाठ मोडते. हार्नेसचा हूक स्लॅबच्या कॉलमला, पाइपाला नाही.

सेक्रेटरी: जमिनीखालून आणायची झाली तर कंपाउंडात किती खोल?

सी-१०२: आपली विजेची केबल ७५ सेंटिमीटरवर असायला पाहिजे, आयएस १२५५ प्रमाणे. असायला पाहिजे म्हणतोय, जागेवर वेगळं निघू शकतं, म्हणून पहिले तीन खड्डे पहारीनं नाही, फावड्यानं हलक्या हातानं. फायबरची डक्ट (इथं जमिनीतला पाइप) आणि वीज केबल यांच्यात ३० सेंटिमीटर अंतर. शेजारून गॅसची पिवळी पाइप जातेय, तिथं जेसीबी नको. गेटबाहेर रस्ता खणायचा असेल तर महानगरपालिकेची परवानगी, आणि खणणाऱ्यानं "कॉल बिफोर यू डिग" अॅपवर कळवायला पाहिजे. ते २०२३ पासून आहे, पण वापरतात किती हे विचारू नका.

बी-४०१: ४० एमएमची एचडीपीई (प्लास्टिकची) डक्ट, खाली-वर बारीक वाळू, वर ३० सेंटिमीटरवर इशारा पट्टी, मग माती. गेटपासून बी विंगपर्यंत काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिथं वाळू वाचवली तर दोन वर्षांत डक्ट वाकडी होते. डक्टच्या दोन्ही तोंडांना रबरी प्लग, नाहीतर पहिल्या पावसात चेंबरचं पाणी थेट तळमजल्याच्या बॉक्समध्ये.

चर उघडी असताना टेप लावून खोली दिसेल असा फोटो, आणि भिंतीपासूनचं अंतर कागदावर. रात्रभर चर उघडी राहणार असेल तर बॅरिकेड आणि दिवा.

ए-२०१: चेंबरमध्ये माणूस उतरवतील काय?

बी-४०१: नको ओ. झाकण उघडून थोडा वेळ सोडलं म्हणजे हवा आली असं नसतं. शेजारी ड्रेनेज आहे, जड वायू तळाशी बसतो. गॅस मीटर आणि वर दोरी धरलेला माणूस असेल तरच. आपली चेंबर तशी उथळ आहेत, वरूनच काम होतं.

ए-३०२: काम बरोबर झालं हे शेवटी कळणार कसं? नेट चालू झालं म्हणजे झालं ना?

बी-४०१: नेट चालू होणं हा पुरावा नाही. पॉवर मीटरचं (फायबरमधला प्रकाश मोजणारं यंत्र) रीडिंग घ्यायचं, १४९० नॅनोमीटरवर, प्रत्येक फ्लॅटच्या बॉक्सला. साधारण −१८ ते −२४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी) आलं तर ठीक. −२७ ही नेहमीच्या जीपॉनची (घरगुती फायबर नेटची पद्धत) हद्द, तिथं उन्हाळ्यात चालणारं नेट पावसाळ्यात बंद पडतं. −८ पेक्षा जोरात आलं तर तेही वाईट, रिसीव्हर आंधळा होतो.

वाईट रीडिंगची कारणं बहुतेक तीनच: मळकं कनेक्टर, कोपऱ्यात चेपलेली केबल, किंवा हिरव्या एपीसी कनेक्टरला निळं यूपीसी घुसवलेलं. शेवटचं बसतं, पण हिरव्याचं टोक ८ अंशात कापलेलं असतं, दोघांत फट राहते. स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेक फ्लॅटना वाटणारा) १:३२ चा असेल तर त्यातच १७ डीबी जातात, त्याला इलाज नाही. वळण ३० एमएम त्रिज्येपेक्षा लहान नको. जी.६५७.ए२ (वळण सोसणारं) फायबर ७.५ एमएमपर्यंत सोसतं, पण आवरणासकट केबल दुमडली की तो हिशोब राहत नाही.

चाळीस रीडिंगचा तक्ता फ्लॅट नंबरसह घ्या. उद्या तक्रार आली तर तुलना करायला तेवढाच आधार.

सी-१०२: कॅमेऱ्याच्या कॅट-सिक्सला वेगळी तपासणी. बॉक्सवर सीसीए लिहिलं असेल तर परत पाठवा, ते तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम असतं. एका वायरची टोकं ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं की कळलं. पीओईवर (त्याच केबलीतून कॅमेऱ्याला वीज देताना) ते तापतं आणि जोड सैल होतो. पक्की लाईन ९० मीटरपर्यंतच, दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्ड धरून १००. गेटचा कॅमेरा ए विंगच्या रॅकपासून वळणं धरून त्याहून लांब जातो, त्याला फायबर किंवा मध्ये स्विच लागेल. ते आधीच ठरवा. वीज वायरीला समांतर जाताना ३० सेंटिमीटर अंतर, ओलांडताना काटकोनात.

बी-२०३: कंपनी डक्टमध्ये एक मशीन बसवणार आणि कॉमन मीटरवरून लाईन मागतेय.

सी-१०२: स्प्लिटर असेल तर वीज लागत नाही, आधी विचारा मशीन कशाला. खरंच स्विच असेल तर स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि सब-मीटर. एक्स्टेन्शन बोर्ड आणि बॅटरी डक्टमध्ये चालणार नाही. २० वॉटचं यंत्र वर्षाला साधारण १७५ युनिट खातं, ते पैसे कंपनीकडून.

सेक्रेटरी: डिपॉझिट किती घ्यायचं?

बी-४०१: रंग, फरशी आणि डक्ट सील परत करायला जेवढा खर्च येईल तेवढं, रीडिंगचा तक्ता आल्यावर परत. दोन कंपन्यांना एकच आकडा. आणि एक अट घाला: बंद पडलेल्या जुन्या केबली काढून नेल्याशिवाय नवीन ओढायची नाही. आधी टोकांना लेबल लावून कुणाची चालू आहे ते तपासायचं, बी-५०२ च्या आजींचा लँडलाइन अजून चालू आहे.

ए-३०२: स्प्लाइसिंग (फायबरचे जोड) कुठं करणार? मुलं खेळतात पॅसेजमध्ये.

बी-४०१: तळमजल्यावर टेबल टाकून. फायबरचे कापलेले तुकडे केसाहून बारीक, काचेचे. कातडीत गेले की दिसत नाहीत. त्यांच्याकडं झाकणाची डबी पाहिजे, जमिनीवर झाडून द्यायचं नाही. चालू फायबरच्या टोकात कुणी डोकावायचं नाही, उजेड दिसत नाही पण असतो. लहान मुलांना दोन दिवस तिकडं फिरकू देऊ नका.

सेक्रेटरी: सोमवारी ड्रिलच्या आधी सी-१०२, चरीच्या वेळी बी-४०१. डक्ट बंद करताना दोघंही पाहिजेत. किल्ली माझ्याकडंच राहील, सही दाखवल्याशिवाय देणार नाही.

सी-१०२: चालेल. सकाळी नऊला आलो, पण ते साडेअकराला येतील.