कॉन्टेसात १जेझेड बसवलंय, गिअरबॉक्स कुठला टिकेल?

जुळे_सोलापूर_कॉन्टेसा:
नमस्कार मंडळी. एमएच-१३ पासिंगची कॉन्टेसा क्लासिक आहे. इसुझूचं १.८ काढून टोयोटाचं टर्बोवालं १जेझेड-जीटीई इंजिन टाकलंय, व्हीव्हीटी-आयवालं (व्हॉल्व्हची वेळ बदलणारं). कंपनीचा टॉर्क सुमारे ३८० एनएम, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवून ५०० पर्यंत न्यायचाय. गाडी पुणे हायवेला टेंभुर्णीपर्यंत फिरवतो, आणि क्वार्टर माइलच्या (सुमारे ४०० मीटर) सरळ शर्यतीला धावपट्टीवर उतरवायचीच आहे. मागच्या ॲक्सलला ४१-१० दातांचा क्राउन-पिनियन (म्हणजे ४.१), टायर २०५/६५ आर१५. इंजिनासोबत ऑटोमॅटिक आला होता, तो नको. टोयोटाचे पाच गिअरचे दोन गिअरबॉक्स बघतोय, डब्ल्यू-५८ स्वस्तात मिळतोय, आर-१५४ महाग आहे, आणि निसानचा सहा गिअरचा सीडी-००९ पण आहे. मित्र म्हणतात सहाच घे. काय करू?

बाळे_एक्स्प्रेस:
सीडी-००९ घे की बे! निसान ३५०झेड स्पोर्ट्स कारचा डबा (गिअरबॉक्स) आहे, लय दणकट. इंजिनाला जोडायची ॲडॉप्टर प्लेट केली की झालं.

अक्कलकोट_रोड_गिअरवाला:
भाऊ, मी एमआयडीसीत गिअर कापतो. तुटलेले दात रोज हातात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डब्ल्यू-५८ विसरा. टोयोटाने जुन्या सुप्रा स्पोर्ट्स कारमध्ये बिनटर्बोला डब्ल्यू-५८ दिला आणि टर्बोला आर-१५४. ज्यांनी बनवला त्यांनीच उत्तर दिलंय.

सीडी-००९ दणकट आहे, त्यात वाद नाही. पण पहिल्या गिअरचा आकडा आणि क्राउनचा आकडा यांचा गुणाकार करा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन किती फेरे फिरतं ते कळतं. त्याचा पहिला ३.७९४, तुमचा क्राउन ४.१, म्हणजे जवळपास १५.६. पहिला टाकेपर्यंत संपला. धावपट्टीवर सुटल्या सुटल्या दुसरा टाकावा लागेल आणि टर्बोला दाब धरायला वेळच मिळणार नाही. आर-१५४ चा पहिला ३.२५१, म्हणजे १३.३. हाही जरा जास्तच आहे, पण चालतो. पुढे जमलं तर ४१-११ चा क्राउन-पिनियन शोधा, १२.१ वर येईल.

आता हायवे. सीडी-००९ चा सहावा ०.७९४, आर-१५४ चा पाचवा ०.७५३. तुमच्या टायरवर १०० च्या स्पीडला सहा गिअरवाला साधारण २६७० आरपीएमवर, पाचवाला २५३० वर. म्हणजे एक गिअर जास्त घेऊन इंजिन जास्तच फिरणार. माझं मत स्पष्ट आहे, आर-१५४ घ्या.

मात्र तो तसाच बसवू नका. त्याच्या पहिल्या गिअरचा थ्रस्ट वॉशर (गिअरला जागेवर धरणारी चकती) कमजोर असतो, तडकतो. डबा टेबलावर असतानाच बिलेटचा (अखंड धातूतून कापलेला) टाकून घ्या.

आणि गिअर नुसत्या टॉर्कने मरत नाही, झटक्याने मरतो. ५००० आरपीएमवर क्लच सोडला की फ्लायव्हीलमध्ये (इंजिनामागच्या जड चाकात) साठलेली सगळी ताकद एकदम पहिल्या गिअरच्या दातांवर येते. रस्त्याचा टायर घसरतो आणि फ्यूजसारखा डबा वाचवतो. स्लिक (नक्षी नसलेले रेसचे टायर) लावले की घसरणं बंद, तिथे दात जातात. म्हणून बिनस्प्रिंगची पक (मोजके कडक पॅड असलेली) क्लचप्लेट लावू नका. स्प्रिंगवाली घ्या, पैसा तिथे घाला.

शेवटचं काम कुणी करत नाही, ते तुम्ही करा. बेलहाउसिंग (इंजिन आणि डबा जोडणारं घंटेसारखं कवच) इंजिनाला आवळा, फ्लायव्हीलवर डायल गेज लावा, सुई बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर टेकवा आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. सुई पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हलली पाहिजे. जास्त हलली तर इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद डब्यात नेणारा दांडा) तिरका चालतो, त्याच्या टोकाचं पायलट बेरिंग खातो, गिअर अडकतो, आणि लोक म्हणतात डबाच खराब.

जुळे_सोलापूर_कॉन्टेसा:
दादा, गुणाकार कुणी सांगितलाच नव्हता. आर-१५४ चं नक्की. अमेरिकेतला ट्रेमेक टीकेएक्स गिअरबॉक्स कसा? त्याला ६०० पाउंड-फुटाचं रेटिंग आहे म्हणे.

अक्कलकोट_रोड_गिअरवाला:
६०० पाउंड-फूट म्हणजे ८१० एनएमच्या वर. त्यांच्या मोठ्या व्ही-८ साठी तो एक नंबर डबा. २.८७ चा पहिला, ३.५५ चा क्राउन, गुणाकार १०.२, रस्ता आणि धावपट्टी दोन्ही साधतं. तुम्हाला ५०० एनएमसाठी त्याची गरज नाही. कधी घेतलाच तर आपल्याकडच्या सवयीने त्यात ९० नंबरचं जाड गिअर तेल ओतू देऊ नका. त्या घराण्याच्या डब्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा सिंक्रोमेशचं पातळ तेल लागतं, जाड तेलात सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणाऱ्या रिंगा) नीट धरत नाही.

विजापूर_रोड_७०:
इंजिन बदललंय ते आरसीवर चढवलंय ना? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. आरटीओची नोंद नसेल तर विमावाले दावा अडवतात.

जुळे_सोलापूर_कॉन्टेसा:
कागद टाकलेत, नोंद व्हायचीय. दादा, डायल गेज चुंबकी स्टँडसकट मिळेल का?

अक्कलकोट_रोड_गिअरवाला:
माझ्याकडे आहे. बेलहाउसिंग बसवलं की मेसेज करा, संध्याकाळी घेऊन येतो. भोक मात्र आधी साफ करून ठेवा, रंगाचा एक थर राहिला तरी रीडिंग खोटं येतं.