डिव्हिजन तीन बास्केटबॉल: एका वर्षी दहा फ्रेशमन ही खोगीरभरती नाही तर काय?

बेसलाइन
धाग्याचा विषय अमेरिकेतल्या एनसीएए (कॉलेजांच्या खेळांची संघटना) डिव्हिजन तीनच्या पुरुष बास्केटबॉल संघांचा आहे, म्हणजे जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही त्या लहान कॉलेजांचा. उन्हाळा आला की संघ नव्या फ्रेशमनांची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांची, नावं जाहीर करतात. कुठे चार, कुठे दहा-अकरा. दहावाल्या यादीखाली 'काय क्लास (त्या वर्षीची तुकडी) आणलाय!' म्हणून टाळ्या पडतात. माझ्या मते ती यादी बास्केटबॉलची नसतेच, ॲडमिशन ऑफिसची असते.

हिशेब करा. सामना ४० मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. पहिले पाच सरासरी ३० मिनिटं खेळले की १५० संपली. पुढच्या तिघांना बारा-बारा दिली की ३६ गेली. उरली १४, ती नवव्या-दहाव्याच्या वाट्याला. अकराव्यापासून पुढच्यांनी संघ पंचवीस गुणांनी पुढे किंवा मागे असेल तेव्हाच ट्रॅकसूट काढायचा. अशा संघात दरवर्षी दहा नवे आले तर चार वर्षांचे मिळून चाळीस व्हायला हवेत. रोस्टर, म्हणजे संघाची यादी, असतो वीस-बाविसाचा. मग बाकीचे गेले कुठे?

ज्याला पडताळायचं त्याने कॉलेजच्या साइटवर जुने रोस्टर उघडावेत, ते तिथेच पडून असतात. २०२१-२२ च्या रोस्टरमधले फ्रेशमन लिहून काढा आणि २०२४-२५ च्या रोस्टरमध्ये त्यातले किती सीनियर (चौथ्या वर्षाचे) म्हणून उरले ते बघा. नऊ, पाच, चार, दोन अशी उतरण दिसली की समजायचं, इथे मुलं शिकवत नाहीत, चाळतात. वर्षाला चार, फार तर पाच घ्यावेत आणि त्यांना घडवावं.

सहावागडी
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. गळती चार जणांच्या क्लासमध्येही होते. कुणाचा गुडघा जातो, कुणाला प्री-मेडच्या (डॉक्टरकीच्या पूर्वतयारीच्या) लॅब आणि सराव एकत्र झेपत नाहीत, कुणाला ज्युनियर म्हणजे तिसऱ्या वर्षी परदेशात सेमिस्टर करायचं असतं. शिष्यवृत्ती नाही म्हणून खेळ सोडला तर खिशाला चाट बसत नाही, आणि हे चांगलंच आहे. आर्थिक मदत सगळ्या विद्यार्थ्यांना एकाच मापाने मिळते आणि संघ सोडला म्हणून ती जात नाही. त्यामुळे नकोसं झाल्यावर मुलगा निघतो. यात फसवणूक कुठे आली?

चारच घेतले, दोन गेले आणि एक जायबंदी झाला की तीन वर्षांनी सीनियर क्लास एका माणसाचा. असा संघ फेब्रुवारीत प्लेऑफला पोचतो तेव्हा बॉल आणणारा एकच गार्ड असतो आणि तो ३७ मिनिटं पळून पाय ओढत असतो.

शिवाय इथे करार नावाची चीजच नाही. ज्या फॉर्मवर सही करताना शाळेत फोटो काढतात तो निव्वळ कौतुकाचा कागद, कुणालाच बांधत नाही. अर्ली डिसिजनने (लवकर केलेला, प्रवेश मिळाला तर तिथेच जायला बांधणारा अर्ज) आलेले सोडले तर १ मेच्या डिपॉझिटपर्यंत कोणीही कुठेही जाऊ शकतो. एप्रिलमध्ये वरच्या डिव्हिजनमधून 'वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवायचा खेळाडू) म्हणून ये' असा फोन आला की कोचची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. मग तो जास्तीची माणसं गोळा करणार नाही तर काय करणार?

बेसलाइन
म्हणजे गाजराची पुंगी. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. कोचसाठी ठीक आहे, गाजराला कोणी विचारलं?

नेटप्राइस
तुम्ही दोघेही कोचवर बोलताय, पैशावर कोणीच बोलत नाहीये. ज्या खाजगी कॉलेजांची तिजोरी लहान आहे त्यांची गाडी फीवर चालते. छापील फीतून पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट द्यावी लागते. समजा, सूट जाऊन एका मुलाकडून वर्षाला निव्वळ २५ हजार डॉलर येतात. दहा मुलं म्हणजे अडीच लाख. हेड कोच आणि असिस्टंटचा पगार, बस, युनिफॉर्म भागवून वर उरतात. म्हणून कोच नेमतानाच सांगितलं जातं, दरवर्षी इतकी डोकी आण. अठरा वर्षांच्या मुलांची संख्या आता उतरणीला लागली आहे, त्यामुळे हा आकडा वाढतच जाणार. बर्मिंगहॅम-सदर्न हे डिव्हिजन तीनचंच कॉलेज. ३१ मे २०२४ ला कायमचं बंद झालं, आणि त्याचा बेसबॉल संघ त्याच आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. चार मुलं घेऊन तत्त्वाने कार्यक्रम चालवायचा आणि कॉलेजलाच टाळं लागायचं, याला अर्थ नाही.

दुसरं टोक नेस्कॅक या नामांकित लहान कॉलेजांच्या गटाचं: विल्यम्स, ॲम्हर्स्ट, ट्रिनिटी, टफ्ट्स वगैरे. तिथे अर्जांचा पूर असतो, खेळाडूंची गरज ॲडमिशन ऑफिसला नसते, कोचला असते. त्यामुळे कोचला मोजक्याच नावांसाठी शब्द टाकता येतो. तेव्हा चार घेणारा कोच सोज्वळ आणि दहा घेणारा लबाड असं काही नाही. एकाला ऑफिस चारच देतं, दुसऱ्याकडून दहा मागतं.

हेल्पसाइड
पैसे बाजूला ठेवतो, सरावाकडे बघू. दहा फ्रेशमनांचं खरं नुकसान सामन्यात होत नाही, ऑक्टोबरमध्ये होतं.

शाळेतून आलेल्या मुलाला काय नव्याने शिकायचं असतं ते आधी पाहा. तीन गुणांच्या शॉटची रेषा शाळेत १९ फूट ९ इंचांवर, इथे २२ फूट पावणेदोन इंचांवर. शॉट क्लॉक (इतक्या सेकंदांत शॉट मारायची मुदत) बऱ्याच राज्यांत शाळेच्या पातळीवर नसतंच, असलं तर बहुधा ३५ सेकंदांचं. इथे ३०. शाळेत सहा फूट चार इंचांचा मुलगा सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) असतो, इथे त्याला विंगवर, म्हणजे मैदानाच्या बाजूला, उभं राहून गार्डसमोर पाय हलवावे लागतात.

सगळ्यात आधी उघडं पडतं ते क्लोजआउट, म्हणजे शॉट घेऊ पाहणाऱ्यावर धावून जाणं. मुलगा साथीदाराच्या मदतीला (हेल्पसाठी) बास्केटजवळ उभा, बॉल उलट्या बाजूच्या कोपऱ्यात फिरतो. शाळेत तिथपर्यंत धावत जाऊन उडी मारली की चालायचं. इथे रेषा सव्वादोन फुटांहून जास्त लांब गेल्यामुळे धावायचं अंतर वाढतं, तो जास्त वेगाने निघतो आणि ब्रेक लागत नाही. समोरचा नुसता खांदा उचलतो, फ्रेशमन हवेत आणि बॉल बेसलाइनने (बास्केटमागच्या रेषेकडून) आत. योग्य पद्धत म्हणजे पहिलं दोन-तृतीयांश अंतर लांब ढांगांनी, मग ढुंगण खाली घेऊन तीन-चार बारीक पावलं, वजन टाचांकडे, एक हात समोरचा जिथून शॉट उचलतो तिथे आणि एक वर. हे सांगायला एक मिनिट लागतं, अंगात मुरायला शेकडो वेळा करावं लागतं, आणि तेही दमलेलं असताना.

आता दोन तासांच्या सरावात एका कोर्टावर बावीस जण धरा. पाच-विरुद्ध-पाचमध्ये दहा जण खेळतात, बारा कडेला टाळ्या वाजवतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिला सामना असतो, म्हणून कोच पहिल्या आठ जणांनाच जास्त वेळ देणार. फ्रेशमनला मिळतो स्काउट टीमचा रोल, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली करून दाखवायच्या. स्वतःच्या संघाचं स्क्रीन-कव्हरेज (प्रतिस्पर्ध्याने वाट अडवली की बचाव कसा करायचा ते) त्याच्या पायात बसतच नाही. मग जानेवारीत त्याला तीन मिनिटं मिळतात, तो स्क्रीनच्या चुकीच्या बाजूने जातो आणि पुन्हा बाकावर. 'तयार नाही' हा शिक्का बसला! तयार केलाच कोणी नव्हता. चौदा-पंधराच्या संघात हाच मुलगा तिसऱ्या गटात का होईना, रोज खेळला असता.

सहावागडी
यावर उपाय जेव्ही, म्हणजे मुख्य संघात न खेळणाऱ्यांचा दुसरा संघ. विस्कॉन्सिनच्या सरकारी कॉलेजांकडे बघा. प्लॅटव्हिलने बो रायनच्या हाताखाली १९९१ ते १९९९ मध्ये चार राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. व्हाइटवॉटरने २०१४, स्टीव्हन्स पॉइंटने २०१५, ऑशकॉशने २०१९. राज्यातली मुलं, परवडणारी फी, जाडजूड रोस्टर आणि वाट बघायची तयारी. तिसऱ्या वर्षी खेळायला लागलेला मुलगा तिथे अपवाद नसतो, तीच पद्धत असते.

आणि रोस्टर मोठा म्हणजे मिनिटं नाहीत हे तरी कुठे खरं? आयोवातलं ग्रिनेल बघा. पाच-पाचांच्या तुकड्या एकदम आत-बाहेर, मिनिटा-दीड मिनिटाला अख्खी तुकडी बदल, सतत प्रेस (मैदानभर दाबून बचाव) आणि लवकर तीनचा शॉट. पंधरा जणांना खरी मिनिटं मिळतात. तुमचं २०० मिनिटांचं गणित तेच, वाटप वेगळं.

बेसलाइन
ग्रिनेलचं उदाहरण येणार हे माहीतच होतं. त्याच ग्रिनेलमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. खेळला ३६ मिनिटं, शॉट मारले १०८. समान वाटपाचा नमुना म्हणून चांगलाच आहे! शिवाय तो फ्रेशमन म्हणून ग्रिनेलला आलेला नव्हता, दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन आला होता.

विस्कॉन्सिनचा मुद्दा मात्र मान्य. तिथे मुलाला आधीच माहीत असतं की दोन वर्षं बाकावर जाणार. माझा राग आकड्यापेक्षा त्या न सांगण्यावर आहे.

उलटागियर
धागा चुकीच्या शत्रूशी लढतोय. फ्रेशमनची जागा दुसरा फ्रेशमन खात नाही, बावीस वर्षांचा दाढीवाला खातो.

साखळी अशी. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची (कॉलेज खेळाडूंना मोबदला देण्याबाबतचा खटला) तडजोड मंजूर झाली, आणि ती स्वीकारणाऱ्या डिव्हिजन एकच्या संघांना पुरुष बास्केटबॉलमध्ये पंधराच खेळाडू ठेवता येतात. त्याआधी शिष्यवृत्त्या तेरा होत्या, पण वॉक-ऑन कितीही. ते जास्तीचे आता खाली सरकले. त्यात पोर्टल (कॉलेज बदलण्यासाठी नाव नोंदवायची यादी), त्यात कितीही वेळा बदली करा पण एक वर्ष बसायला नको. डिव्हिजन एकच्या बाकावरचा डिव्हिजन दोनमध्ये, दोनमधला तीनमध्ये. कोचच्या बाजूने विचार करा: एकीकडे क्लोजआउट शिकवायला दोन वर्षं लागतील असा अठरा वर्षांचा मुलगा, दुसरीकडे तेच तीन वर्षं करून आलेला आणि दहा किलो जास्त वजनाचा तयार गडी. बायोडेटा पाठवायचीही गरज नाही, सामन्यांचं फुटेज समोर आहे.

तेव्हा दहा फ्रेशमन घेणारा कोच निदान फ्रेशमन घेतोय. तीन फ्रेशमन आणि पाच ट्रान्स्फर (बदली होऊन आलेले) घेणाऱ्याची यादी छोटी दिसते म्हणून त्याला शाबासकी द्यायची का?

हेल्पसाइड
अर्धं सहमत. पण हे सगळीकडे सारखं चालत नाही. एनवाययू (न्यू यॉर्क युनिव्हर्सिटी) किंवा एमरीसारख्या विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, तिथे पाचव्या वर्षाचा खेळाडू घेता येतो. ॲम्हर्स्टसारख्या फक्त पदवीच्या कॉलेजात तो प्रश्नच येत नाही, आणि अभ्यासाची अट अशी की बदली होऊन येणं अवघड. २०२४ मध्ये अंतिम चौघांत पोचलेलं ट्रिनिटी २०२५ मध्ये विजेतं झालं, आणि अंतिम सामन्यात समोर एनवाययूच होतं. मुलं टिकवून, एकत्र मुरवून जिंकता येतं.

फ्रेशमन पहिल्याच वर्षी खेळूच शकत नाही हेही सोडून द्या. पुढे एनबीएत गेलेला डंकन रॉबिन्सन विल्यम्समध्ये फ्रेशमन असतानाच तो संघ २०१४ चा अंतिम सामना खेळला, व्हाइटवॉटरकडून दोन गुणांनी हरला.

उलटागियर
आणि त्याच उन्हाळ्यात तो डिव्हिजन एकच्या मिशिगनला गेला! टिकवण्याचं उदाहरण म्हणून भलतंच नाव काढलंत. शिवाय शाळा संपल्यावर एक्सटर या निवासी शाळेत एक जादा वर्ष काढून तो विल्यम्सला आला होता. म्हणजे तोही वयाने 'मुरलेला' फ्रेशमनच.

नेटप्राइस
पालकांसाठी थोडं, कारण न्यू जर्सी आणि बे एरियातली बरीच मराठी मुलं आता या वाटेवर आहेत, आणि घरी 'कोचने बोलावलंय' म्हणजे 'जागा पक्की' असं धरलं जातं.

'आम्हाला तू आवडलास' याला किंमत शून्य. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात, बहुधा जुलैपासून, कोच मुलाचे मार्क ॲडमिशन ऑफिसला दाखवून कौल घेतो, त्याला प्री-रीड म्हणतात. तो झाला का आणि उत्तर काय आलं, हे स्पष्ट विचारा. मग विचारा, 'अर्ली डिसिजन भरला तर तुम्ही माझ्यासाठी ऑफिसकडे शब्द टाकणार का?' इथे 'हो' सोडून दुसरं काहीही ऐकू आलं तर ते 'नाही' समजा. अर्ली डिसिजन बांधून ठेवतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या आधी कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर स्वतःचे आकडे घालून बघा. मदत अपुरी पडली हे एकच कारण बाहेर पडायला चालतं. आणि कोच 'पैशाचं मी बघतो' म्हणाला तर सावध व्हा. डिव्हिजन तीनमध्ये खेळाकडे बघून मदत ठरवणं नियमातच बसत नाही.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही: 'माझ्याच पोझिशनला या वर्षी किती जणांशी बोलताय, आणि गेल्या वर्षीच्या गार्डांपैकी किती राहिले?'

बेसलाइन
चला, चारचा आकडा मागे घेतो. दहा घ्या, पण जेव्हीचं वेळापत्रक साइटवर छापा, त्यांच्यासाठी वेगळा असिस्टंट नेमा आणि वेगळी कोर्टची वेळ द्या. हे तिन्ही नसेल तर मी खोगीरभरतीच म्हणणार.

सहावागडी
वेळापत्रक छापलेलं पुरत नाही. जेव्हीचा सामना सहसा मुख्य सामन्याच्या आधी किंवा आडवारी ठेवतात, आणि हिवाळ्याच्या सुट्टीनंतर समोरच्या कॉलेजकडे सातच पोरं उरली की फोन येतो, 'या वेळी जमत नाही.' गेल्या वर्षीचं वेळापत्रक उघडा आणि जानेवारीनंतरच्या किती सामन्यांपुढे स्कोअर आहे, किती 'रद्द' आहेत ते मोजा.